नेटवर्क, पेटंट आणि आपली मुले: नरेंद्र करमरकरांच्या शोधातून काय शिकावे?

गुंजवणे हे राजगडाच्या पायथ्याचे गाव. पुणे-सातारा रस्त्यावरून नसरापूर फाट्याला आत वळले आणि मार्गासनी, साखर मागे टाकले की गुंजवणे येते. इथून चोर दरवाज्याने गडाच्या पद्मावती माचीवर चढता येते. भोर-वेल्ह्याच्या या डोंगराळ मुलखात एका गावची बातमी दुसऱ्या गावी पोचवायची तर पूर्वी एकच साधन होते, माणसाचे पाय. आणि ते पाय बहुतेक वेळा आपल्या आज्या-पणज्यांचे होते. मयताचा सांगावा नेणे, पाटलाचा निरोप पोचवणे, सरकारी टपाल वाहणे, वाटसरूला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत सोडणे ही सगळी महारकीची कामे. रात्र असो की धो धो पाऊस, नाही म्हणायची सोय नव्हती. मोबदला काय, तर बलुते, वतनाचा जमिनीचा तुकडा आणि दारोदारची भाकरी.

आजच्या भाषेत सांगायचे तर गावोगावचे नेटवर्क आपल्या माणसांच्या पायांवर चालत होते. पण निरोप कोणता, तो कधी न्यायचा, त्याचे मोल किती, यातले काहीही त्यांच्या हातात नव्हते. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाचा कायदा सुधारणारे विधेयक मांडले. वतन कायद्याने संपायला मात्र १९५८ साल उजाडले.

आज त्याच समाजातली मुले-मुली हिंजवडीला, खराडीला, मगरपट्ट्यात नोकरी करतात. कोणी राउटर सांभाळतो, कोणी रात्रपाळीत बसून नेटवर्क कुठे तुटले ते पाहतो, कोणी परदेशातल्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवतो. या प्रगतीचा आम्हाला अभिमान आहे. तरीही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. आपण पुन्हा दुसऱ्याचे निरोपच वाहतो आहोत, की वाट कशी असावी हे ठरवणाऱ्यांतही आपण आहोत?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही एका मराठी संशोधकाच्या पेटंटची गोष्ट निवडली आहे. शोध कसा लागतो, पेटंट कोणाच्या मालकीचे होते आणि शेवटी हाती काय उरते, हे या एका गोष्टीतून नीट कळते.

ग्वाल्हेर ते बेल लॅब्ज

नरेंद्र करमरकर ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातले. १९७८ मध्ये त्यांनी मुंबई आयआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. पुढे अमेरिकेत कॅलटेकमध्ये एम.एस. आणि बर्कली विद्यापीठात रिचर्ड कार्प या नामवंत संगणकशास्त्रज्ञाच्या हाताखाली पीएच.डी. केली. त्यानंतर ते एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत रुजू झाले. ट्रान्झिस्टरचा जन्म जिथे झाला तीच ही जागा.

१९८४ मध्ये, पीएच.डी.नंतर जेमतेम वर्षभरात, त्यांनी एक नवी गणनपद्धत मांडली. जगभर ती ‘करमरकर अल्गोरिदम’ म्हणून ओळखली जाते. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने तिची बातमी पहिल्या पानावर छापली. पुढे १९८८ मध्ये त्यांना गणितातले फुलकरसन पारितोषिक मिळाले. नंतर ते भारतात परतले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले आणि पुण्यात टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजच्या उभारणीत त्यांचा वाटा राहिला. याच पुण्याच्या प्रयोगशाळेचा ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगातल्या वेगवान संगणकांच्या यादीत चौथा आला होता.

टेलिफोन कंपनीपुढचे कोडे

एका टेलिफोन कंपनीला गणित कशाला लागावे? समजा, पुण्याहून नागपूरला एकाच वेळी १०० कॉल जायचे आहेत. थेट लाइनवर ६० कॉल मावतात आणि प्रत्येकाला ५ रुपये खर्च येतो. छत्रपती संभाजीनगरमार्गे ४० मावतात, खर्च ६ रुपये. मुंबईमार्गे ५० मावतात, खर्च ७ रुपये. उत्तर सोपे आहे. थेट लाइनवर ६०, संभाजीनगरमार्गे ४०, एकूण खर्च ५४० रुपये.

पण पुण्याहून संभाजीनगरलाही लोक बोलतात, मुंबईहून नागपूरलाही बोलतात, आणि लाइन त्याच आहेत. एकाला जागा दिली की दुसऱ्याची जाते. शहरे शंभर झाली, वेळा बदलत गेल्या, की अशा हजारो गाठी एकमेकींत अडकतात. सगळ्यांची गरज भागवून खर्च कमीत कमी ठेवायचा, अशा कोड्याला ‘लिनियर प्रोग्रामिंग’ म्हणतात. एसटीच्या फेऱ्या, दुधाचे टँकर, विमानांची वेळापत्रके, रेशनचे धान्य गोदामांतून दुकानांपर्यंत नेणे, या सगळ्याच्या मुळाशी हेच कोडे असते.

हे सोडवण्याची जुनी पद्धत १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी शोधली. तिचे नाव सिम्प्लेक्स. ती कशी चालते हे समजायला राजगडच डोळ्यांपुढे आणू या. शक्य असलेली सगळी उत्तरे म्हणजे गडाचा सगळा आवार. तटबंदी म्हणजे मर्यादा, कारण तिच्या बाहेर जाता येत नाही. सर्वांत स्वस्त उत्तर एखाद्या बुरुजावर सापडते. सिम्प्लेक्स पद्धत तटावरून चालत एका बुरुजावरून शेजारच्या अधिक चांगल्या बुरुजावर जाते. गड लहान असेल तर काम लवकर होते. पण बुरूज लाखो असतील तर? १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी या गणितज्ञांनी दाखवून दिले, की काही कोडी अशी असतात जिथे या पद्धतीला सगळेच बुरूज फिरावे लागतात. १९७९ मध्ये सोव्हिएत संघातल्या खाचियान यांनी अशी अडचण नसलेली पद्धत दिली, पण प्रत्यक्ष वापरात ती फार संथ निघाली.

करमरकरांनी तटावरून चालणे सोडले. त्यांची पद्धत गडाच्या आतून, मोकळ्या मैदानातून चालते. प्रत्येक पावलाला ती गडाचा नकाशा असा बदलून घेते, की आपण जणू मधोमध उभे आहोत आणि कुठलाही तट अंगाशी नाही. मग ज्या दिशेने खर्च सर्वाधिक उतरतो त्या दिशेला मोठे पाऊल टाकते. अशी थोडीच पावले टाकून ती योग्य बुरुजापाशी पोचते. ही पद्धत कागदावरही जलद होती आणि प्रत्यक्षातही, हेच तिचे वैशिष्ट्य.

गणिताला पेटंट कसे मिळाले?

पेटंट म्हणजे सरकारशी केलेला व्यवहार. संशोधकाने आपला शोध जाणकाराला करून पाहता येईल इतका उलगडून लिहायचा. त्या बदल्यात ठरावीक वर्षे इतरांना तो परवानगीशिवाय वापरता येत नाही. मुदत संपली की शोध सर्वांचा होतो. पण निव्वळ गणिती सूत्राला पेटंट मिळत नाही. मग या पद्धतीला ते मिळाले कसे?

इथे वकिलांचे कसब कामी आले. एप्रिल १९८५ मध्ये दाखल झालेल्या आणि १० मे १९८८ रोजी मंजूर झालेल्या अमेरिकी पेटंट क्रमांक ४७४४०२८ मध्ये दावा गणितावर नाही. टेलिफोनच्या उपलब्ध वाहिन्या मागणी करणाऱ्या ग्राहकांना कमी खर्चात कशा वाटून द्यायच्या, त्या कामाच्या पद्धतीवर तो दावा आहे. सूत्र तेच, पण ते नेटवर्कच्या कामाला जुंपले म्हणून ते ‘शोध’ ठरले. संशोधक म्हणून नाव नरेंद्र करमरकर यांचे. मालक म्हणून नाव कंपनीचे. पगार, प्रयोगशाळा, संगणक आणि वकील कंपनीचे होते, आणि नोकरीच्या करारात शोधाची मालकी कंपनीकडेच असते. नाव एकाचे आणि सातबारा दुसऱ्याचा, असा हा प्रकार. आजही आयटी कंपन्यांत हाच नियम चालतो.

बंद मूठ आणि उघडी मूठ

या गोष्टीचा पुढचा भाग धम्माच्या वाटेने चालणाऱ्यांनी विशेष लक्ष देऊन वाचावा.

पद्धतीचा गणिती गाभा छापून आला होता. मात्र ती संगणकावर इतकी वेगाने कशी चालवली, याचे तपशील कंपनीने बराच काळ राखून ठेवले. इतर संशोधकांना दाव्याची पडताळणी करता येईना, त्यामुळे नाराजी आणि वाद झाले. १९८८ मध्ये कंपनीने ‘कॉरबेक्स’ नावाची यंत्रणा विक्रीला काढली. किंमत सुमारे ८९ लाख डॉलर. अमेरिकी हवाई दलाच्या वाहतूक विभागासारखे मोजकेच ग्राहक मिळाले. कंपनीने स्वतः पॅसिफिक भागातल्या देशांच्या टेलिफोन जाळ्याचे नियोजन करायला ही पद्धत वापरली. पण बाजारात कॉरबेक्स चालले नाही.

त्याच काळात काय घडले? १९८६ मध्ये अमेरिकेतल्या पाच संशोधकांनी दाखवले, की करमरकरांच्या पद्धतीचे १९६० च्या दशकातल्या एका विस्मरणात गेलेल्या पद्धतीशी जवळचे नाते आहे. सोव्हिएत संघातल्या डिकिन यांनी १९६७ मध्येच आतून जाण्याची एक पद्धत मांडली होती, पण पश्चिमेत तिच्याकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते, असेही नंतर लक्षात आले. विद्यापीठांतल्या लोकांनी शेकडो निबंध लिहिले, स्वतःचे प्रोग्राम लिहिले, एकमेकांना दिले. पेटंटची मुदत २००५ च्या सुमारास संपली तेव्हा जग फार पुढे गेले होते. आज ‘आतून जाणाऱ्या’ पद्धती सगळीकडे वापरल्या जातात, त्या मुख्यतः या उघड्या देवाणघेवाणीमुळे. करमरकरांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही, कारण झोपलेल्या क्षेत्राला जागे केले ते त्यांच्याच निबंधाने. पण ज्ञान वाढले ते निबंधामुळे, कुलपामुळे नाही.

महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदाला सांगतात, की आपण धम्म शिकवताना काही राखून ठेवलेले नाही. आचार्याची बंद मूठ तथागताकडे नाही. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर ऐकण्या-वाचण्याचीही बंदी होती, त्यांना बंद मुठीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मग पेटंट वाईटच का? आम्हाला तसे वाटत नाही. पुण्यात जन्मलेले आणि पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५६ मध्ये पदवीधर झालेले थॉमस कैलाथ यांचे उदाहरण पाहा. भारतीय नौदलात अभियंता राहिलेले आरोग्यस्वामी पॉलराज यांच्यासोबत त्यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत एका शोधासाठी अर्ज केला आणि १९९४ मध्ये पेटंट मिळाले. एकाच वेळी अनेक अँटेनांतून वेगवेगळा मजकूर पाठवायचा, म्हणजे हवेची जागा न वाढवता वेग वाढतो, ही ती कल्पना. आज आपल्या घरातल्या वायफायमध्ये आणि ४जी फोनमध्ये हीच कल्पना काम करते. पेटंट घेऊनही तो विषय जगभर शिकवला गेला, वाढला. उलट इंटरनेटची मूळ भाषा, म्हणजे टीसीपी/आयपी, १९७४ मध्ये खुल्या निबंधात मांडली गेली. वर्ल्ड वाइड वेब ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या संस्थेने सर्वांसाठी खुले केले. म्हणून तर वेल्ह्यातला विद्यार्थी आज कोणाची परवानगी न घेता स्वतःची वेबसाइट चालवू शकतो.

पेटंट हे हत्यार आहे. ते कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी आहे, यावर ते चांगले की वाईट ठरते. आणि हत्यार चालवता येत नसणे हा काही सद्गुण नव्हे.

भारतातला कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे १९७० चा पेटंट कायदा आहे. त्याच्या कलम ३(के) नुसार गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. करमरकरांची पद्धत जशीच्या तशी इथे आणली असती, तर तिला याच कलमाने अडवले असते. मात्र प्रोग्राममुळे ठोस तांत्रिक परिणाम होत असेल, म्हणजे नेटवर्क जलद चालते, मेमरी कमी लागते, सिग्नल सुधारतो, तर वाट बंद नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात हे स्पष्ट केले आहे.

पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षे. व्यक्ती, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपन्यांना ८,०००. तपासणीची फी वेगळी, आणि खरा खर्च मसुदा लिहिणाऱ्या पेटंट एजंटचा असतो. आधी तात्पुरता अर्ज करून १२ महिन्यांत पूर्ण तपशील देता येतो. महाराष्ट्रातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. या विषयाचे प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था तर आपल्या नागपुरातच आहे. दीक्षाभूमीला दरवर्षी जाणाऱ्या कितीजणांना तिची माहिती आहे?

यादीत नाव कोणाचे?

एवढ्याने प्रश्न सुटत नाही. शोध एकट्याच्या डोक्यात कमी आणि बैठकांत, फळ्यापुढे, चहाच्या टेबलावर जास्त घडतो. ज्याला त्या बैठकीत बोलावत नाहीत, त्याचे नाव पेटंटच्या यादीत येत नाही.

नेटवर्कच्याच धंद्यातले एक प्रकरण सर्वांना माहीत आहे. जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को कंपनीवर दावा लावला. एका दलित अभियंत्याला त्याच्या जातीवरून वेगळी वागणूक मिळाली आणि तक्रारीनंतर त्याची वाट अडवली गेली, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. एप्रिल २०२३ मध्ये खात्याने दोन वरिष्ठांविरुद्धचा दावा मागे घेतला, कंपनीविरुद्धचा चालू ठेवला. निकाल काहीही लागो, जात राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या दारात थांबत नाही, ही चर्चा त्या दाव्याने जगभर नेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहराने जातिभेदावर कायद्याने बंदी घातली.

बाबासाहेबांनी हे धोके फार आधी ओळखले होते. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात त्यांनी केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणावर समाधान मानले नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण, त्यासाठी शिष्यवृत्त्या आणि परदेशी पाठवण्याची सोय त्यांनी मागितली. यंत्राला ते शत्रू मानत नसत. यंत्र माणसाला मोकळा वेळ देते आणि मोकळ्या वेळातच माणूस माणूस होतो, अशी त्यांची भूमिका होती. निवेदन देऊन ऐंशी वर्षे उलटली. शिष्यवृत्तीवर शिकलेली पिढी उभी राहिली. आता नोकरीच्या पुढचे पाऊल टाकायचे आहे.

तरुणांनी आजपासून काय करावे?

पहिले, आपला नोकरीचा करार काढून वाचा. शोधाची मालकी कोणाची, सुट्टीच्या दिवशी घरी केलेल्या कामाचे काय, हे त्यात लिहिलेले असते. भारतात नोकरदाराच्या शोधाची मालकी मुख्यतः करारावरच ठरते.

दुसरे, तारीख घालून वही ठेवा. कल्पना कधी सुचली, कोणाशी बोललो, काय करून पाहिले, ते लिहा. कंपनीत शोध नोंदवण्याचा फॉर्म असतो, तो मागून घ्या आणि भरा. मालकी कंपनीची असली तरी संशोधक म्हणून नाव लागणे हा वेगळा हक्क आहे. कायद्याच्या कलम २८ मध्ये त्याची तरतूद आहे. हे नाव नंतर आपल्यासोबत सगळीकडे येते.

तिसरे, अर्ज करण्याआधी कल्पना जाहीर करू नका. कॉलेजच्या स्पर्धेत मांडली, व्हिडिओ टाकला, की तिचे नवेपण संपते. जाहीरच करायची असेल तर ठरवून करा. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये दान म्हणून दिलेले काम हेही मोठे काम आहे, आणि तिथेही आपले नाव कायम राहते.

चौथे, जुनी पेटंटे वाचायला शिका. ती इंटरनेटवर फुकट मिळतात. जगातल्या मोठ्या कंपन्यांनी आपला शोध कसा उलगडून सांगितला आहे, हे त्यांत वाचायला मिळते. बंद मूठ कायद्याने उघडायला लावलेली अशी दुसरी जागा नाही.

पाचवे, एकटे राहू नका. पुण्या-मुंबईत, नागपुरात, औरंगाबादेच्या मिलिंद परिसरात आपले अनुभवी अभियंते आणि वकील आहेत. विहारात रविवारच्या वंदनेनंतर महिन्यातून एक तास या विषयाला द्या. ज्याने एकदा अर्ज केला आहे त्याने दुसऱ्याला बसून शिकवावे. संख्येच्या मागे लागू नका. भिंतीवर लावायच्या दहा प्रमाणपत्रांपेक्षा लोकांच्या उपयोगी पडणारा एक शोध मोठा.

गुंजवण्याच्या वाटेवर आपली माणसे एके काळी दुसऱ्यांचे सांगावे घेऊन अनवाणी चालली. डोंगरातल्या आडवाटा, ओढ्याचे उतार, कुठल्या महिन्यात कोणती वाट बंद होते, हे सारे त्यांना तोंडपाठ होते. नेटवर्कचे ज्ञान म्हणजे दुसरे काय असते? ते ज्ञान कोणी त्यांच्या नावावर लिहिले नाही. यापुढे ते लिहिले जावे, आणि लिहून झाल्यावर मूठ उघडी राहावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!